अँटिबायोटिकनंतर मांजरीला जुलाब होतायत. प्रोबायोटिक देऊ, की दह्यावर भागेल?

प्रोबायोटिक, म्हणजे पोटाला उपयोगी जिवंत जिवाणू, द्यायला हरकत नाही, पण मांजरांसाठीचंच घ्या. उदाहरणार्थ, फोर्टिफ्लोरा या ब्रँडच्या पावडरीमध्ये एन्टेरोकॉकस फेसियम हा जिवाणू असतो. १ ग्रॅमची पुडी दिवसातून एकदा ओल्या खाण्यावर भुरभुरायची. खाणं गरम नको, जिवाणू मरतात. चव अशी की नखरेल मांजरंही ताटली चाटूनपुसून साफ करतात! अँटिबायोटिक अजून चालू असेल तर दोन्हींत दोनेक तासांचं अंतर ठेवा.

दह्याच्या भानगडीत पडू नका. मोठ्या मांजरांना लॅक्टोज (दुधातली साखर) नीट पचत नाही, जुलाब वाढायचे.

मात्र शीमध्ये रक्त, सारख्या उलट्या किंवा दिवसभर खाणं बंद असेल तर पुडीवर विसंबू नका, थेट डॉक्टरकडे न्या. उपाशी मांजरीच्या यकृतात चरबी साठते, जाड मांजरींत तर लवकरच. पिल्लू असेल तर अजिबात थांबू नका.