खिशातला कॉम्प्युटर घ्यावा का? जोडीला हो, एकटा नको

भाऊ, तुम्ही विचारलंय की नाशिकच्या अंबड-सातपूरच्या कारखान्यांत मशीनच्या सर्व्हिसिंगसाठी फिरताना पंधरा इंची लॅपटॉपची बॅग वागवून कंटाळा आलाय, तर तो सहा-सात इंची विंडोजवाला छोटा कॉम्प्युटर घेतला तर त्याच्या एकट्यावर भागेल का. एकट्यावर नाही भागणार. पण जोडीला म्हणून घेत असाल तर आपल्या धंद्यात फार कामाची वस्तू आहे, मी बरीच वर्षं वापरतोय म्हणून सांगतो.

आपलं निम्मं काम उभ्याने असतं. पॅनेलचं दार उघडं, एक हात आत वायरींमध्ये, आणि लॅपटॉप ठेवायला जागा म्हणजे पालथं घातलेलं क्रेट नाहीतर मशीनचा तेलकट बेड, मग दर दोन मिनिटांनी वाका. छोटा असला की दोन्ही हातात धरून अंगठ्यांनी टाइप करता येतं, काम झालं की कार्गो पँटच्या खिशात. पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाताना गर्दीत सुद्धा मी त्याच्यावर मशीनच्या पॅरामीटरची, म्हणजे सेटिंगची, यादी तपासतो, शेजारच्याला कोपर न लावता. आता कोणी म्हणेल मोबाइल आहे की, तर ओटीजी केबलला सिरियल कन्व्हर्टर लावून मोबाइलवर सिरियल टर्मिनल (मशीनशी अक्षरांत बोलायचं ॲप) चालतो, मॉडबसचे (मशीनशी बोलायची एक भाषा) दोन-चार रजिस्टर, म्हणजे मशीनमधले आकडे, वाचायला तेवढं पुरतंही, पण पीएलसीचं (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचं) सॉफ्टवेअर बहुतेक करून विंडोजच मागतं, तिथे मोबाइल संपला.

घेताना रॅम-प्रोसेसरच्या आधी पोर्ट बघा. जीपीडी कंपनीचा २०१७ चा पॉकेट सात इंची, दिसायला एकदम देखणा, त्यांचाच २०१९ चा मायक्रोपीसी सहा इंची आणि दिसायला ठोकळा, पण त्या ठोकळ्याला नऊ पिनचा आरएस-२३२ (जुना सिरियल) पोर्ट आहे, लॅनचा पोर्ट आहे, एचडीएमआय आहे आणि वजन साधारण ४४० ग्रॅम. मोटरचे जुने ड्राइव्ह, वजनकाटे, सीएनसी मशीन यांच्याशी बोलायचं तर आपल्याला तेच लागतं. यूएसबी कन्व्हर्टरने काम होतं हो, पण स्वस्तातली डुप्लिकेट चिप असली की विंडोज अपडेट झाल्यावर ड्रायव्हर तिला ओळखच देत नाही आणि हे नेमकं गिऱ्हाईक डोक्यावर उभं असताना कळतं. आरएस-४८५ (एकाच वायरीवर बरीच उपकरणं जोडायची दुसरी पद्धत) साठी मात्र कन्व्हर्टर ठेवावाच लागेल.

आता त्रास. सगळ्यात मोठा स्क्रीनचा. सात इंचात १९२० बाय १२०० बसवलंय म्हणजे अक्षरं कोरीव दिसतात खरी पण जुनी सॉफ्टवेअर स्केलिंग (विंडोजचं अक्षरं मोठी करायचं सेटिंग) मानत नाहीत, सगळे मेनू मुंगीएवढे. उलट सहा इंचात १२८० बाय ७२० असलं की अक्षर वाचता येतं पण मोठा डायलॉग बॉक्स उघडला की ओके बटण स्क्रीनच्या खाली जातं! मग ऑल्ट-स्पेस, एम, आणि बाणाच्या कीने विंडो वर ढकलायची, नाहीतर अंदाजाने टॅब मारत एंटर. चाळिशी लागली असेल तर विचार करूनच घ्या. मोठं लॅडर (पीएलसीचा आकृतीतला प्रोग्राम) या स्क्रीनवर वाचूच नका, घरी मॉनिटरला जोडा.

मराठीत रिपोर्ट लिहीत असाल तर आणखी एक, इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डमध्ये च, ट, ड ही अक्षरं उजवीकडच्या सेमीकोलन, अवतरणचिन्ह आणि कंसाच्या कीवर येतात, आणि छोट्या कीबोर्डवर नेमक्या याच की जागा नाही म्हणून कुठेतरी भलतीकडे टाकलेल्या असतात. बोटांची सवय सगळी मोडते. फोनेटिक (इंग्रजी स्पेलिंगने मराठी) वापरत असाल तर निभेल.

बॅटरी, गरमी वगैरे प्रकार सगळीकडे आहेतच, एवढ्याशा डब्यात पंखा किरकिरतो, मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये जास्तच. खरी पंचाईत दुरुस्तीची. आपल्याकडे यांची शोरूम नाही, बाहेरून मागवायचं, वर ड्युटी भरायची, आणि बिघडलं की एम.जी. रोडवरचे पोरं लॅपटॉप डोळे झाकून खोलतील पण याचा कीबोर्ड किंवा बॅटरी आणणार कुठून. लिथियमची बॅटरी कुरिअरवाले सहजासहजी घेतही नाहीत. सेकंडहँड मिळत असेल तर सपाट टेबलावर ठेवून बघा, डुगडुगला किंवा झाकण नीट बंद होत नसेल तर बॅटरी फुगलेली असू शकते, हात लावू नका.

बाकी ही हौस काही नवी नाही. तोशिबाचा लिब्रेटो १९९६ चा, एचपीचा २००एलएक्स तर १९९४ चा आणि दोन साध्या पेन्सिल सेलवर चालायचा, आजच्यांना ते जमत नाही हे आपलं जाता जाता.

पैसे टाकण्याआधी एक काम करा, तुमच्या पीएलसी सॉफ्टवेअरचं लायसन्स बघा. एकाच मशीनला बांधलेलं असेल तर दर वेळी इकडून तिकडे ट्रान्सफर करत बसाल आणि मग हा घेऊन उपयोग नाही. डोंगल (लायसन्स असलेला यूएसबीचा तुकडा) असेल तर प्रश्न नाही, फक्त तो डोंगल एक यूएसबी पोर्ट कायमचा खाणार आणि बाजूला लोंबकळणार, तेव्हा बुटका डोंगल मिळतो का तेही डीलरला विचारून ठेवा.