नितिनॉलची तार निर्वातात का रुसते?

प्रश्न : आमच्या क्यूबसॅटच्या (छोट्या घनाकृती उपग्रहाच्या) अँटेनाची खीळ ओढायला नितिनॉलची, म्हणजे तापवली की आखडणाऱ्या निकेल-टायटॅनियम मिश्रधातूची तार लावली आहे : 0.15 मिमी जाडीची, 20 सेंमी लांबीची, 90 अंश सेल्सिअसला आखडणारी. 410 मिलिअँपिअर प्रवाह पाच सेकंद देतो. टेबलावर खीळ दरवेळी सुटते. निर्वात कक्षात पहिल्यांदा सुटली, दुसऱ्यांदा तार जेमतेम हलली. तार खराब निघाली का?
— विद्यार्थी गट, पुणे

उत्तर : तार चांगली होती, तुम्ही ती भाजलीत. 410 मिलिअँपिअर हा आकडा उघड्या हवेसाठीचा. तुमच्या तारेचा रोध सुमारे 11 ओहम, म्हणजे तिला मिळतात 1.85 वॅट. वजन जेमतेम 23 मिलिग्रॅम. तापून आखडायला दीड ज्यूल पुरतात. काम सेकंदाभरातच उरकतं. उरलेल्या चार सेकंदांची उष्णता टेबलावर हवा वाहून नेते. निर्वातात उरतं फक्त प्रारण आणि टोकांतून होणारं वहन. त्यातून दिलेल्या उष्णतेचा दहावा हिस्साही बाहेर पडत नाही. तापमान सेकंदाला शंभरहून जास्त अंशांनी चढतं आणि तीन-चारशेच्या पलीकडे तारेची शिकवलेली ठेवण पुसली जाते.

खीळ सरकताच प्रवाह तोडणारा लिमिट स्विच बसवा आणि जोडीला दीड सेकंदाचा टायमर ठेवा, कारण स्विचही अडकतो. सुरुवात उणे 20 अंशांवरून असेल तर पाव सेकंद जास्त लागेल, तेवढी सवड टायमरमध्ये आहे. दोन चाचण्यांमध्ये किमान दोन मिनिटं थांबा. तार परत ताणायला सुमारे 130 ग्रॅम ओढीची स्प्रिंग हवी. आखडणं 3 टक्के, म्हणजे 6 मिमी धरा; 8 टक्के एखाद्या वेळी मिळतात, रोज नाही. टोकं क्रिम्पच करा, म्हणजे धातूच्या नळीत दाबून पक्की करा. सोल्डर ऑक्साइडच्या थरावर नीट धरत नाही, शिवाय टोक तापून मऊ पडतं.

प्रश्न : मग विमानाचे एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या झडपा) अशा तारांनी का हलवत नाहीत?

उत्तर : तापणं झटपट, निवणं संथ, म्हणून. एलेरॉनला सेकंदात पुढे-मागे व्हावं लागतं. उड्डाणात एकदोनदाच करायचं काम असेल तर हा मिश्रधातू शोभतो. 2005 मध्ये बोइंगने 777-300ईआरच्या इंजिनावर असे शेव्हरॉन, म्हणजे इंजिनाच्या मागच्या कडेचे करवती दाते, उडवून पाहिले : उड्डाणावेळी आत वाकून आवाज कमी करायचे, उंचीवर सरळ व्हायचे. 2019 मध्ये 777-200च्या पंखावरचे, अशाच मिश्रधातूवर चालणारे व्होर्टेक्स जनरेटर (हवेत भोवरे उठवणारी छोटी पाती) उंचीवरच्या थंडीनेच आपोआप आडवे झाले. त्यांना ना वायर, ना मोटर.