जुनी जड बुलेट डबल स्टँडवर घेताना: जोर पायात हवा, हातात नको

भाऊ, तुम्ही लिहिलंय की वडिलांची जुनी कास्ट आयर्न (बिडाच्या) इंजिनची बुलेट ३५० डबल स्टँडवर घेताना मागून उचलून ओढावी लागते, कंबरेत उसण भरते आणि गाडी उजवीकडे कलंडायला बघते. शिवाय तुमचं वजन ५८ किलो, त्यामुळे हे तुम्हाला जमणार नाही असं गॅरेजवाल्यानं सांगितलंय. वजनाचं कारण मला पटत नाही. गाडी १७० किलोच्या आसपास असली तरी तेवढं वजन तुम्हाला उचलायचं नसतंच. स्टँड ही तरफ आहे. गाडीचा मागचा भाग काही सेंटिमीटर वर जातो आणि गाडी थोडी मागे सरकते, एवढंच घडतं. ते काम तुमच्या अंगाच्या वजनानं, पायातून व्हायला हवं. हातांनी फक्त गाडी सरळ धरायची.

आधी गाडी न्यूट्रलमध्ये घ्या. जुन्या बुलेटला उजवीकडे गिअरच्या जोडीला न्यूट्रल फाइंडरची छोटी दांडी असते. क्लच दाबून ती दाबली की दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या गिअरमधून सरळ न्यूट्रल मिळतो, पहिल्यातून मात्र नाही. गाडी गिअरमध्ये राहिली तर मागचं चाक अडतं आणि सगळा जोर वाया जातो. पुढचा ब्रेकही दाबून धरू नका, कारण स्टँडवर चढताना गाडी मागे सरकलीच पाहिजे. कॅरिअरवर पोतं, दुधाचे कॅन असं काही असेल तर उतरवून ठेवा. ते वजन जवळजवळ सगळं मागच्या चाकावर असतं आणि तुम्हाला उचलायचा असतो तो मागचाच भाग.

आता गाडीच्या डाव्या बाजूला, तिच्याकडे तोंड करून उभे राहा. डावा हात डाव्या मुठीवर, हँडल सरळ. उजवा हात सीटच्या मागे मडगार्डजवळ डावीकडे असलेल्या दांडीवर. ती दांडी याच कामासाठी दिलेली असते. नसेल तर कॅरिअरचा पक्का भाग धरा, सीटचं कव्हर किंवा इंडिकेटर नाही. साइड स्टँड उघडाच राहू द्या. गाडी मागे सरकते तेव्हा तो मिटत नाही, त्यामुळे तोल तुमच्याकडे गेलाच तर गाडी त्याच्यावर टेकते.

पुढची पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि तुमची गाडी उजवीकडे कलंडते त्याचं कारण बहुतेक इथेच आहे. गाडी साइड स्टँडवरून उचलून पूर्ण सरळ करा. उजव्या पायानं डबल स्टँडची पट्टी हळू खाली दाबा, पण जोर लावू नका. फक्त स्टँडचे पाय जमिनीला टेकू द्या. मग गाडी किंचित डावी-उजवी हलवून बघा. दोन्ही पाय टेकले असतील तर ते पायाखाली आणि हाताला लगेच कळतं, गाडीचं डुलणं थांबतं. एकच पाय टेकलेला असताना जोर दिला तर गाडी दुसऱ्या अंगाला फिरते. तुमच्याकडे झुकलेली गाडी ओढून धरायची सवय असेल तर स्टँडचा डावा पाय आधी टेकतो, आणि दाबल्याबरोबर ती उजवीकडे जाते. म्हणून दोन्ही पाय टेकल्याची खात्री होईपर्यंत पुढे जायचंच नाही.

खात्री झाली की पट्टीवर तळपायाचा मधला भाग ठेवा, गुडघा जवळजवळ सरळ करा आणि पायरी चढल्यासारखे त्या पायावर उभे राहा. अंगाचं पूर्ण वजन पट्टीवर, सरळ खाली. त्याच क्षणी उजव्या हातानं दांडीला वर-मागे हलकी दिशा द्या. वजन सगळं पट्टीवर आलं तर गाडी चढते. कंबर वाकवून हातानं ओढलं तर चढत नाही आणि उसण भरते. पायात चप्पल नको, ती पट्टीवरून घसरते. कडक तळाचा बूट घाला.

सुरुवातीला कुणाला तरी उजव्या बाजूला मागे उभं करा. त्यानं उचलायचं नाही, फक्त कॅरिअरला हात लावून कलंडणं थांबवायचं. आणि एवढं करूनही गाडी पलीकडे निघालीच, तर सोडून द्या. वाकलेला फुटरेस्ट सरळ होतो, १७० किलोला अडवताना गेलेली कंबर सहज सरळ होत नाही.

फळीची युक्ती इथे फार उपयोगी पडते. १८-२० मिलिमीटर जाडीची, फूट-दीड फूट लांब फळी मागच्या चाकाखाली घ्या. चाक फळीच्या पुढच्या टोकाजवळ चढवा, म्हणजे गाडी मागे सरकताना चाक फळीवरच राहील. स्टँडचे पाय मात्र जमिनीवरच हवेत, फळीवर नकोत. तेवढ्या जाडीनं उचलण्याचं अंतर बरंच कमी होतं. फळी जास्त जाड घेऊ नका. चाक फार वर गेलं तर स्टँडचे पाय नीट टेकतच नाहीत, वजन चाकावरच राहतं आणि गाडी स्थिर बसत नाही.

पद्धत बरोबर असूनही गाडी जड जात असेल तर दोष गाडीत शोधा. जुन्या गाडीत पहिला संशय मागच्या शॉकअपवर घ्यावा. स्टँडची उंची ठरलेली आहे. शॉकअप बसके झाले की गाडी खाली बसते आणि तेवढंच अंतर तुम्हाला जास्त उचलावं लागतं. शॉकअपला कडक करायची खाचांची रिंग असेल तर एक खाच वर घ्या, दोन्ही बाजूंना सारखी. मागच्या टायरची हवाही बघा. एकट्यासाठी २८ पीएसआयच्या आसपास हवी, १५ वर चालवत असाल तर गाडी खाली बसणारच. त्यानंतर स्टँडचा सांधा. आपल्याकडे वावरातली काळी माती आणि रस्त्याची धूळ जुन्या ग्रीसमध्ये मिसळून घट्ट बसते. रॉकेल किंवा डिझेल आणि तारेच्या ब्रशनं सांधा धुऊन कोरडा करा, पिनेवर आणि बुशवर (पिन ज्यात फिरते त्या नळीवर) नवं ग्रीस लावा. बुश झिजून स्टँड डावा-उजवा लचकत असेल तर लेथवाल्याकडून नवे बुश करून घ्या, नाहीतर दोन्ही पाय एकदम टेकणार नाहीत.

स्टँडचे पाय झिजले असतील तर उलट होतं. गाडी सहज चढते, पण मागचं चाक जमिनीला घासतं आणि हलक्या धक्क्यानं गाडी खाली येते. सपाट फरशीवर स्टँड लावून मागचं चाक फिरवून बघा. बोटभर फट हवी. फट त्याहून बरीच मोठी असेल तर स्टँड दुसऱ्या मॉडेलचा किंवा चुकीच्या मापाचा बसवलेला असू शकतो, आणि तेही जड जाण्याचं एक कारण आहे. स्टँडच्या झिजलेल्या पायाला वेल्डिंगनं लोखंड चढवायचं असेल तर दोन्ही पायांना अगदी सारखं चढवायला सांगा. पाय ठेवायची पट्टी आखूड किंवा वाकलेली असेल तर ती दोन-तीन सेंटिमीटर लांबवता येते, तरफ लांबली की जोर कमी लागतो. तिच्या जुन्या जोडावर चीर दिसली तर मात्र आधी तीच दुरुस्त करा.

जागा निवडताना उतार बघा. थोडा चढ असेल तर गाडीचं तोंड चढाकडे ठेवा, मग ती मागे सरकायला मदतच होते आणि आपोआप स्टँडवरून पुढे उतरत नाही. तोंड उताराकडे असेल तर चढवणं जड आणि चढलेली गाडी बेभरवशाची. पावसाळ्यात काळ्या मातीत स्टँडचे पाय रुततात, तेही दोन्ही सारखे रुतत नाहीत. खळ्यात किंवा गोठ्याजवळ गाडी ठेवत असाल तर दोन्ही पाय मावतील अशी एकच फरशी खाली घाला, दोन वेगळे दगड नकोत. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे डांबर मऊ पडतं, तिथे साइड स्टँडखालीही लोखंडी पट्टी ठेवावी.

खाली उतरवताना डावीकडेच उभे राहा, दोन्ही मुठी धरा, कंबर सीटला लावा आणि गाडी पुढे ढकला. झटका एकच द्या, पण नीट. मागचं चाक टेकताच उजव्या हातानं पुढचा ब्रेक हळू लावा आणि तोल थोडा तुमच्याकडे घ्या. या वेळी साइड स्टँडवर विसंबू नका, गाडी पुढे जाताना जमीन त्याला मागे ढकलते आणि तो मिटू शकतो. जुना ड्रम ब्रेक सैल असेल तर आधी केबल ताणून घ्या. स्टँड स्प्रिंगनं झटक्यात वर येतो, पोटरी आणि घोटा त्याच्या वाटेत नको. तो अर्धवट लटकत राहिला तर स्प्रिंग सैल झाली आहे. ती बदलल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका, कारण लटकता स्टँड गतिरोधकावर किंवा वळणावर आपटतो.