'काय आवडलं?' या प्रश्नाचं उत्तर

प्रिय बाळा,

शहापूरच्या घरी आज्जांच्या खोलीत संध्याकाळी सगळे गाणी ऐकायला बसतात, आणि गाणं संपायच्या आधीच मधूनमधून 'वा!' म्हणतात, ते का, असं तू फोनवर विचारलंस. शिवाय तू 'मस्त आहे' म्हटलंस की आज्जा लगेच विचारतात, 'काय मस्त आहे?' त्यांना काय सांगायचं, हाही तुझा प्रश्न होता. दोन्हींचं उत्तर एकच आहे. आपल्याकडे दाद अख्ख्या गाण्याला एकगठ्ठा देत नाहीत. जी जागा, म्हणजे सुराचं एखादं वळण किंवा शब्द, आवडली तिला, तिथल्या तिथे देतात. समोर गाणारा असला तर त्याला त्यातूनच कळतं की आपलं कुठे पोचलं, आणि तो ती जागा आणखी फुलवतो.

ती जागा बहुतेक वेळा समेच्या आसपास असते. सम म्हणजे तालाची पहिली मात्रा, पहिला ठोका. भावगीत, नाट्यगीत सहसा दादरा (6 मात्रा) किंवा केरवा (8 मात्रा) या तालात असतं, तेव्हा मांडीवर बोटांनी मोजत जा. गाणारा फिरून मुखड्यावर, म्हणजे गाण्याच्या पहिल्या ओळीवर, येतो आणि शब्द समेवर पडतो, त्याच्या लगेच नंतर 'वा' म्हणायचं. शब्द चालू असताना म्हटलंस तर तो शब्दच झाकला जातो. युगुलगीतात याची जास्त काळजी घे. एकाने सोडलेला सूर दुसरा उचलतो तो क्षणच सगळ्यात नाजूक असतो, तिथे गप्पच राहावं.

आता युगुलगीत ऐकायचं कसं ते सांगते, कारण आज्जांच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. पुरुषाचा आणि बाईचा आवाज एका पट्टीत, म्हणजे एकाच 'सा'वर, सुखाने बसत नाही. त्याचा षड्ज (सा) साधारण काळी एकच्या, म्हणजे पेटीच्या सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीच्या, आसपास, तिचा काळी चारच्या आसपास. पेटीवर बोट ठेवून बघ, त्याचा पंचम (प) तोच तिचा षड्ज होतो. म्हणून दोघं एकाच सुरावर आले की त्याचा आवाज वर चढून ताणला जातो आणि तिचा निवांत, खोल लागतो. एकच ओळ त्याच्या तोंडी आर्जव वाटते आणि तिच्या तोंडी समजूत. चांगला संगीतकार हे ओळखून ओळी वाटून देतो. जो ओळखत नाही त्याच्या गाण्यात बाई खर्जात, अगदी खालच्या सुरांत, पुटपुटते किंवा पुरुष तारसप्तकात, अगदी वरच्या सुरांत, ओरडतो. शास्त्रीय गाण्यात पंडित जसराज यांनी यावर वेगळाच तोडगा काढला, 'जसरंगी' नावाचा: पुरुषाचा मध्यम (म) तोच बाईचा षड्ज धरायचा, आणि दोघांनी एकाच वेळी दोन वेगळे राग गायचे.

सुरुवातीला कुमार गंधर्व आणि वाणी जयराम यांचं 'ऋणानुबंधाच्या' लाव. बाळ कोल्हटकरांचे शब्द, नाटक 'देव दीनाघरी धावला'. कुमारजी 1924 साली आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीत कन्नड घरात जन्मले. वाणीबाई तमिळ, वेल्लोरच्या. दोघांची मायबोली मराठी नसून मराठी शब्द किती जपून उच्चारलेत ते ऐक. आपल्या सीमाभागात हे नवं नाही, पण मला त्याचं मोल फार वाटतं.

पहिल्यांदा सरळ ऐक, काही शोधू नकोस. दुसऱ्यांदा फक्त एकाच आवाजाच्या मागे जा, दुसरा गात असेल तेव्हाही. श्वास कुठे घेतला, शेवटचं अक्षर किती लांबवलं, ते लक्षात ठेव. तिसऱ्यांदा स्वतः षड्ज गुणगुणत ऐक. आवाज षड्जावर टेकला की पोटात थंड वाटतं, आणि त्याच्या अलीकडच्या निषादावर (नी) थांबला की पुढचं हवंहवंसं होतं, हे तेव्हाच कळतं. हल्ली बरेचदा दोघं वेगवेगळ्या दिवशी येऊन आपापला भाग ध्वनिमुद्रित करतात. अशा गाण्यात सूर चोख असतो, पण एकाच्या 'आ'काराला दुसऱ्याने दिलेलं उत्तर सापडत नाही.

पार्श्वसंगीताचं तंत्र निराळं. ते एकट्याने उभं राहत नाही, प्रसंगाच्या आधाराने राहतं. 'सैराट' तू पाहिलायस. अजय-अतुल यांनी त्याच्या संगीतासाठी लॉस एंजेलिसला जाऊन तिथला मोठा वाद्यवृंद वापरला. त्यातला एखादा पाचेक मिनिटांचा प्रसंग घे. आधी आवाज बंद करून बघ, मग डोळे मिटून ऐक, मग दोन्ही मिळून. संगीत नेमकं कुठे सुरू झालं ते कागदावर लिही: पात्राच्या चेहऱ्यावर भाव उमटायच्या आधी, की नंतर? आधी आलं तर आपल्याला काय वाटावं हे कुणीतरी सांगतंय असं होतं. नंतर आलं तर ते आपल्याच मनातून आल्यासारखं वाटतं. आणि कुठे थांबलं तेही लिही. एवढा वाद्यवृंद हाताशी असूनही त्या सिनेमाचा शेवट निःशब्द ठेवला, हा मला त्यातला सगळ्यात मोठा निर्णय वाटतो. शेजारच्या कन्नड मैत्रिणीला 'मनसु मल्लिगे' (2017) लावायला सांग. 'सैराट'चीच कन्नड आवृत्ती, संगीतही अजय-अतुल यांचंच. त्याच चालीवर कन्नड शब्द कुठे सैल बसतात, कुठे घट्ट, ते दोघी मिळून ताडून बघा.

घरी कुणी प्रत्यक्ष गायला बसलं तर मोबाईल समोर धरू नकोस. पेटी आणि तबलेवाल्यांच्या जागांनाही मान हलवून दाद दे, ती बिचारी माणसं फार दुर्लक्षिली जातात. भैरवी (मैफलीच्या शेवटी गातात तो राग) झाल्यावर आणखी गाण्याची फर्माईश करायची नाही, मैफल तिथे संपते. आणि आज्जांना 'मस्त आहे' ऐवजी एकच नेमकी जागा सांग: 'दुसऱ्या अंतऱ्यात (कडव्यात) त्या बाईंनी ओळ हळूच खाली सोडली, ते आवडलं.' चुकीची जागा सांगितलीस तरी ते रागावणार नाहीत, पुन्हा गाणं लावून तुला योग्य जागा दाखवतील. फक्त मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नका. त्यात डग्गा (तबल्याच्या जोडीतला घुमणारा मोठा) आणि खर्ज ऐकूच येत नाहीत.

तुझी,
आई