पावसाळ्यात फुगलेला फिल्टर

प्रश्न : ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेसर अडवणारा आमचा जिलेटिनचा होलोग्राफिक फिल्टर पावसाळ्यापासून गळतोय; कॅमेऱ्यात हिरवा डाग दिसतो. बाद झाला का? – एक वाचक, सातारा

उत्तर : लगेच टाकू नका. जिलेटिन दमट हवेत फुगतं, त्याच्या आतल्या, ठरावीक रंगाचा प्रकाश परतवणाऱ्या होलोग्राफिक थरांमधलं अंतर वाढतं आणि अडवली जाणारी तरंगलांबी तांबड्याकडे सरकते; म्हणून हिरवा निसटतो. सरळ बसवलेला फिल्टर पाच-सात अंश तिरका करून बघा, ती तरंगलांबी थोडी मागे येते. इकडे सांगलीत कृष्णेचं पाणी चढलं की माझाही असाच रुसतो. मी तो सिलिका जेल घालून आईच्या लोणच्याच्या बरणीत ठेवतो. वास अजून गेलेला नाही! आणि बसवायचा तो समांतर झोतातच. निमुळत्या झोतात प्रत्येक किरणाचा कोन वेगळा, मग गळती होणारच. नीट वाळला की जिलेटिन ज्या काचांमध्ये असतं त्यांच्या कडा इपॉक्सीनं बंद करा.