वाचकांचे प्रश्न : कामाचं नाव आणि कामाचा दिवस

प्रश्न : मुलगी १६ वर्षांची आहे. दर दोन महिन्यांनी नवं क्षेत्र सांगते. ऑनलाइन आवड-चाचणीत ‘कलात्मक’ आणि ‘संशोधक’ हे गट वर आले. त्यावर कितपत विसंबावं?

निर्णय त्यावर सोपवू नका, पण चाचणी वायाही घालवू नका. अशा बऱ्याच चाचण्यांच्या मुळाशी जॉन हॉलंड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये मांडलेला विचार आहे. त्याचे सहा गट मराठीत साधारण असे सांगता येतील : हाताने काम करणारे, संशोधक, कलात्मक, लोकांना मदत करणारे, पुढाकार घेऊन पटवणारे आणि नीटनेटकी नोंद-व्यवस्था आवडणारे. अमेरिकी कामगार खात्याच्या ‘ओनेट’ या व्यवसाय-माहितीच्या संकेतस्थळावरची मोफत चाचणी याच गटांवर उभी आहे. तिच्या छोट्या रूपात ६० विधानं असतात, प्रत्येक गटाला १०.

ही चाचणी आवड मोजते, कुवत नाही. मुलं नेमकी इथे घसरतात. ‘हे मला जमेल का’, ‘यात पगार किती’, ‘आईला काय वाटेल’ असा विचार करून उत्तर दिलं की निकाल बिघडतो. पहिल्या तीन गटांमध्ये दोन-तीन गुणांचाच फरक असेल तर त्यांच्या क्रमाला फारसा अर्थ नाही. आणि सगळेच गट सारखे खाली आले तर मुलीला आवड नाही असं समजू नका. तिने अजून पुरेशी कामं पाहिलेलीच नसतात, हे त्याचं जास्त संभवणारं कारण.

पुढची पायरी चाचणीपेक्षा मोलाची. वर आलेल्या गटांतले तीन व्यवसाय घ्या आणि प्रत्येकाची रोजच्या कामांची यादी मिळवा. प्रत्येक कामापुढे तिला ‘करून बघायचंय’, ‘चालेल’ किंवा ‘नको’ लिहू द्या. व्यवसायाचं नाव आवडतं पण यादीतली निम्मी कामं ‘नको’ आहेत, असं वारंवार दिसतं. दर दोन महिन्यांनी क्षेत्र बदलण्याची या वयात काळजी नको. फक्त प्रत्येक वेळी विचारा : त्यात ओढ कशाची होती? कामाची, तिथल्या माणसांची, की मिळणाऱ्या कौतुकाची?

प्रश्न : आमच्या युवा केंद्रातल्या २० मुलांना प्रत्यक्ष काम दाखवायचं आहे. गेल्या वेळी त्याची सहलच झाली. काय चुकलं असेल?

बहुधा सगळ्यांना एकत्र नेलं, आणि मालकाने किंवा व्यवस्थापकाने फिरवून आणलं. वीस जण एकत्र गेले की भाषण ऐकायला मिळतं, काम बघायला मिळत नाही. एका कामगारामागे एक मूल ठेवा, फार तर दोन. वेळ पूर्ण पाळीचा हवा. सोबतीला तीन ते पाच वर्षं अनुभव असलेली व्यक्ती मागा. तिला शिकण्याचे दिवस आठवत असतात आणि कामातला कंटाळाही ती मोकळेपणाने सांगते.

मुलांना एक कागद द्या. दर अर्ध्या तासाला चारच गोष्टी लिहायच्या : हात काय करत होते, बोलणं कोणाशी झालं, वाट कशाची पाहावी लागली, चूक झाली असती तर काय बिघडलं असतं. वाट पाहणं आणि कागदपत्रं या दोन गोष्टी माहितीपत्रकात कधीच नसतात, आणि नोकरी सोडायला पुष्कळदा त्याच कारण ठरतात.

उदाहरणार्थ वायरमनचं काम. बिघाड शोधताना तो आधी सप्लाय बंद करतो आणि चुकून कोणी चालू करू नये म्हणून कुलूप लावतो. मग सप्लाय चालू असल्याची खात्री असलेल्या दुसऱ्या ठिकाणी टेस्टर लावून तो दाखवतो का ते बघतो, त्यानंतर बंद केलेली लाइन तपासतो, आणि शेवटी टेस्टर पुन्हा त्या चालू ठिकाणी लावून बघतो, कारण मधेच टेस्टरच बिघडला असेल तर ‘लाइन बंद’ हे उत्तर खोटं ठरेल. स्क्रूला हात लागण्याआधी एवढं सगळं होतं. हे पाहताना एखादं मूल कंटाळतं, एखादं पुढे सरकून ‘परत का लावला?’ म्हणून विचारतं. तुम्हाला टिपायचा आहे तो हा फरक.

अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची लेखी संमती, विम्याची चौकशी आणि चालू यंत्रापासून अंतर, हे आधीच ठरवून घ्या. कामाच्या गर्दीचा हंगाम टाळा. परतल्यावर दोन दिवसांच्या आत प्रत्येकाशी कागद समोर ठेवून बोला. आठवड्यानंतर फक्त ‘छान होतं’ एवढंच उरतं.

प्रश्न : सरकारी मोफत प्रशिक्षण चांगलं की नाही, प्रवेशाआधी कसं ओळखावं?

प्रवेश किती झाले हा आकडा बाजूला ठेवा. किती जणांनी पूर्ण केलं, आणि सहा महिन्यांनी त्यांतले किती त्याच कामात आहेत, हे विचारा. अमेरिकेच्या रोजगार-प्रशिक्षणाविषयीच्या २०१४ च्या कायद्यात युवकांच्या कार्यक्रमांचं मोजमाप बाहेर पडल्यानंतरच्या दुसऱ्या आणि चौथ्या तिमाहीत होतं, कारण पहिल्याच महिन्यातली नोकरी टिकेलच असं नसतं. केंद्राकडे हा आकडाच नसेल तर मागच्या तुकडीतल्या दोघा-तिघांना गाठा.

मग कार्यशाळेत जा. एका यंत्रावर किती जण? आठवड्यात हाताने काम करायचे तास किती? प्रमाणपत्र बघून काम देणारे दोन मालक सांगता येतील का? जर्मनीतल्या जोड प्रशिक्षणात उमेदवार आठवड्यातले साधारण तीन-चार दिवस कंपनीत आणि उरलेले व्यवसाय-शाळेत असतो. करार कंपनीशी असतो आणि भत्ताही मिळतो. तितकं नसलं तरी खऱ्या कामाच्या जागी काही आठवडे नसतील, तर तो अभ्यासक्रम आम्ही सुचवणार नाही. प्रवासखर्च आणि भत्त्याची तारीखही लेखी मागा. फी माफ असूनही मुलं मधेच सोडतात ती अनेकदा याच दोन गोष्टींपायी.

प्रश्न : वय २२. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमातलं दीड वर्ष झालं आणि हे काम नकोसं वाटतंय. सोडू का?

आधी पाहा, नकोसं काय आहे : काम, की ही संस्था? काम तेच ठेवून दुसऱ्या ठिकाणी आठवडाभर राहून बघा. तरीही नको असेल, तर उरलेले सहा महिने पूर्ण करणं सहसा फायद्याचं, कारण अर्धवट शिक्षणाचा कागद मिळत नाही. त्याच काळात सुटीच्या दिवशी नव्या कामाची माणसं गाठा आणि मोजमाप घेणं, नकाशा वाचणं, ग्राहकाशी बोलणं यांतलं तिथे काय चालेल ते त्यांनाच विचारा. तब्येतीला किंवा सुरक्षिततेला धोका असेल तर मात्र थांबू नका.