खाडी एक, नावं दोन

प्रश्न : बाई, आमचा मुलगा नोकरीनिमित्त स्लोव्हेनियाच्या राजधानीत, लुब्लियानात असतो. आम्ही दोघं महिनाभर त्याच्याकडे राहून आलो. त्याने आम्हाला पिरान नावाच्या टुमदार गावी समुद्रावर नेलं. दोन दिवसांनी पलीकडे क्रोएशियात गेलो, तर तिथल्या नकाशात त्याच खाडीचं नाव वेगळं! सुनेला विचारलं तर म्हणाली, "बाबा, हा विषय इथे जेवताना काढू नका." स्लोव्हेनिया आणि क्रोएशिया दोन्ही युरोपीय संघात, दोन्ही नाटोत, आणि दोघांची मिळून लोकसंख्या आपल्या पुणे जिल्ह्याहून कमी. मग त्यांच्या पुढाऱ्यांना एवढीशी खाडी वाटून घेता येऊ नये? — एक वाचक, नाशिक

उत्तर : सूनबाई शहाणी आहे, तिचं ऐका. पिरानकडचे तिला पिरानची खाडी म्हणतात, समोरचे सावुद्रियाची. तुम्ही कुठलं नाव घेता यावरून तुमची बाजू ठरते.

माझे वडील मोजणी खात्यात होते. साखळी टाकण्यात आणि खुणेचे दगड शोधण्यात त्यांची सारी नोकरी सरली. भाऊ एकत्र नांदत असले की बांध किती कोरला गेलाय हे कुणी बघतसुद्धा नाही, वाटणीचा अर्ज पडला की मात्र दोघेही वीत घेऊन उभे राहतात, हे त्यांनी आम्हाला जेवताना शंभरदा ऐकवलं असेल. इथे तेच झालं. दोन्ही देश युगोस्लाव्हियाच्या एका घरातले, आणि २५ जून १९९१ला, एकाच दिवशी, दोघांनी स्वातंत्र्य जाहीर केलं. जमिनीच्या हद्दी गावनकाशांवरून बऱ्यापैकी ठाऊक होत्या. समुद्र मात्र कधी वाटलाच नव्हता, कारण तशी गरजच पडली नव्हती. त्यात खाडीला मिळणारी द्रागोन्या नदी. तिचं जुनं पात्र एकीकडे, खोदलेला कालवा दुसरीकडे. हद्द कुठल्या पाण्यातून धरायची? कालव्याच्या दक्षिणेला चार-दोन वाड्या आहेत. त्यांच्यावर स्लोव्हेनिया नोंदींच्या जोरावर हक्क सांगे, क्रोएशिया पाण्याच्या. वडील असते तर म्हणाले असते, नदी हद्दीला धरू नये, ती कुणाचीच साक्षीदार नसते.

आता "एवढीशी खाडी" म्हणता, तर हिशेब बघा. स्लोव्हेनियाचा सगळा किनारा जेमतेम ४७ किलोमीटर. आपल्या एकट्या सिंधुदुर्गाला याच्या दुपटीहून जास्त किनारा आहे. समोर क्रोएशियाकडे हजाराहून जास्त बेटं आणि खडक. खाडी बरोबर मधोमध वाटली, तर इटली आणि क्रोएशिया यांच्या पाण्यामध्ये स्लोव्हेनिया कोंडला जातो. कोपर हे त्यांचं एकुलतं मोठं बंदर, आणि तिथून खुल्या समुद्रात जायला शेजाऱ्याच्या अंगणातून वाट. क्रोएशियाचं म्हणणंही खोटं नाही. कायद्यात मध्यरेषा आहे, आणि शेजाऱ्याची अडचण ही काही मालकी होत नाही.

पुढाऱ्यांनी प्रयत्न केला नाही असं मात्र म्हणू नका. २००१मध्ये स्लोव्हेनियाचे यानेझ द्रनोवशेक आणि क्रोएशियाचे इव्हित्सा राचान या दोन पंतप्रधानांनी तोडगा काढला होता. खाडीचा मोठा भाग स्लोव्हेनियाला, शिवाय खुल्या समुद्रापर्यंत वाट. क्रोएशियाच्या राजधानीत, झाग्रेबमध्ये असा गहजब झाला की राचान यांना तो संसदेत मंजूर करून घेता आला नाही. पुढे क्रोएशिया युरोपीय संघाच्या दारात उभा राहिला, तेव्हा आत बसलेल्या स्लोव्हेनियाने २००८च्या डिसेंबरात कडी लावली. नकाशे बदला, मग आत या. मला विचाराल तर ही दांडगाईच होती, पण छोट्या देशाच्या हातात अशी कडी रोज येत नाही.

२००९च्या जुलैत क्रोएशियाचे पंतप्रधान इव्हो सानाडेर यांनी अचानक राजीनामा दिला आणि याद्रांका कोसोर त्या देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या. स्लोव्हेनियात होते बोरुत पाहोर. महिना संपायच्या आत दोघं त्राकोश्चानच्या किल्ल्यावर भेटले. चतुराई अशी की हद्द कुठे हे त्यांनी ठरवलंच नाही. ती कोण ठरवील एवढंच ठरवलं. पाच जणांचा लवाद नेमायचा, त्याचा निवाडा दोघांनी मानायचा, आणि क्रोएशियाची वाट मोकळी. नोव्हेंबरात स्टॉकहोममध्ये सह्या झाल्या. पाहोर यांनी तर जून २०१०मध्ये जनमत घेतलं आणि साडेएक्कावन्न टक्क्यांवर निभावलं. एवढ्याशा फरकावर इतकं मोठं कर्ज घेणारा राजकारणी मला आवडतो, बाकी त्याचं काही पटो न पटो. १ जुलै २०१३ला क्रोएशिया संघात आला.

मग २०१५च्या जुलैत घात झाला. लवादातला स्लोव्हेनियाने नेमलेला सदस्य आणि त्यांच्याच परराष्ट्र खात्यातली एक अधिकारी यांचं फोनवरचं बोलणं वर्तमानपत्रांत छापून आलं. आतल्या चर्चा बाहेर, बाहेरचे मुद्दे आत! दोघांनी राजीनामे दिले. क्रोएशियाच्या संसदेने एकमताने लवादातून अंग काढून घेतलं. कोर्टात जिंकत आलेला दावा वकिलाच्या आगाऊपणाने सांडावा, तसं स्लोव्हेनियाचं झालं.

लवाद मात्र थांबला नाही. नवे सदस्य घेऊन २९ जून २०१७ला निवाडा दिला. खाडीच्या तोंडाशी पिरानकडच्या मडोना टोकापासून समोरच्या सावुद्रिया टोकापर्यंत रेघ ओढा, त्यातले तीन हिस्से स्लोव्हेनियाचे, एक क्रोएशियाचा. खुल्या समुद्राकडे जायला सुमारे अडीच सागरी मैल रुंदीची पट्टी, तिच्यावर मालकी क्रोएशियाची, पण ये-जा करायचा हक्क स्लोव्हेनियाचा. आपल्याकडे वहिवाटीचा रस्ता असतो ना, तसाच. कालव्यापलीकडच्या वाड्या क्रोएशियाला. म्हणजे दोघांनाही थोडं गिळावं लागलं. स्लोव्हेनियाने मान्य केलं. क्रोएशिया म्हणतो, आम्ही २०१५लाच उठून गेलो होतो, आम्हाला हा कागद दाखवू नका. स्लोव्हेनिया युरोपीय संघाच्या न्यायालयात गेला, तर जानेवारी २०२०मध्ये न्यायालय म्हणालं, हा आमच्या अखत्यारीतला विषय नाही. २०१७च्या निवाड्यानंतर एकाच पाण्यात दोन्हीकडचे पोलीस एकमेकांच्या मच्छीमारांना दंडाच्या पावत्या फाडत आले.

प्रश्न : बाई, एवढं वैर असेल तर रोजचा व्यवहार कसा चालतो? — एक वाचक, चिपळूण

उत्तर : वैर कुठे? भाऊबंदकी आहे ती, आणि भाऊबंदकीत ताटं वेगळी असली तरी विहीर एकच असते. क्र्श्कोचा अणुवीज प्रकल्प स्लोव्हेनियाच्या हद्दीत आहे, पण मालकी निम्मी-निम्मी, वीजही निम्मी-निम्मी, युगोस्लाव्हियाच्या काळापासून. त्यावरही भांडले, पण बंद केला नाही. तेरान नावाच्या तांबड्या वाइनवरून मात्र वेड्यासारखे भांडले. नाव आमचंच, असा स्लोव्हेनियाचा हेका होता. २०१७मध्ये युरोपीय आयोगाने इस्त्रिया या द्वीपकल्पातल्या क्रोएशियन उत्पादकांनाही ते नाव वापरू दिलं.

१ जानेवारी २०२३ला क्रोएशिया शेंगेनमध्ये, म्हणजे आपसातल्या हद्दीवर पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आला, तेव्हा स्लोव्हेनियाने आडकाठी केली नाही. नाक्यावरचे अडसर उठले. पण त्याच वर्षी ऑक्टोबरात स्लोव्हेनियाने या हद्दीवर पुन्हा तपासणी सुरू केली आणि मुदत वाढवत नेली. कारण खाडी नव्हे, बाल्कनातून येणारे बेकायदा स्थलांतरित. नाशिकच्या भाऊंनी पुढच्या खेपेला पासपोर्ट सामानाच्या बॅगेत न टाकता हाताशी ठेवावेत.